सालईच्या धारेवर

वऱ्हाडच्या सपाटीवरून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास परतवाडा मागे पडताच कपाशीची काळी जमीन एकाएकी संपल्याचे दिसते आणि समोर गाविलगडचा डोंगर आडवा येतो. मेळघाट म्हणतात तो मुलूख येथूनच सुरू होतो. घाटांचा जेथे मेळ झाला तो मेळघाट, अशी ह्या नावाची फोड सांगतात; व चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहून एकीमागे एक अशा निळसर रांगा पाहिल्या म्हणजे ती मनास पटते. ह्या वनाची कीर्ती आहे ती सागामुळे आणि वाघामुळे. व्याघ्रप्रकल्पासाठी देशातील जी पहिली नऊ वने १९७३-७४ च्या सुमारास निवडली गेली, त्यांत मेळघाटाची गणना होती. आम्ही मात्र तेथे गेलो ते एका अशा झाडाच्या भेटीसाठी, की ज्याकडे वाघ पाहावयास आलेला मनुष्य ढुंकूनही पाहत नाही. ते झाड सालईचे.

आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरात लहानथोर सर्वच अक्का म्हणतात, त्यांच्या गुडघ्यांनी आम्हांस ह्या शोधास लावले असे म्हटले तरी चालेल. चौतीस वर्षे शाळेत उभे राहून शिकविलेल्या ह्या बाईंना आता पुण्यातील आमच्या घराचे आठ जिने एका दमात चढवत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांनी काही वर्षे बरी गेली. पुढे गेल्या वर्षी त्याच गोळ्यांनी जठरातून रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी त्या बंद केल्या. तेव्हापासून जो भेटेल तो एक पाला सुचवितो. कोणी निर्गुंडी, कोणी रास्ना, कोणी एरंडमूळ. आणि अलीकडे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी ‘शल्लकी’. अक्कांचा स्वभाव असा, की सांगीवांगीवर त्यांचा विश्वास बसत नाही, व कोणी सांगितलेले हसून सोडूनही देववत नाही. “ज्याचा डिंक पोटात घ्यायचा, ते झाड तरी एकदा पाहू द्या,” असे त्या म्हणाल्या, आणि फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही बडनेऱ्याची तिकिटे काढली.

चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर खालच्या अंगास साग दाट आहे. जो जो वर जावे आणि माती पातळ होत जाऊन खडक उघडा पडू लागावा, तो तो साग खुजा होतो, आणि डोंगराच्या धारेवर, जेथे दुसऱ्या झाडास उभे राहण्यापुरतीही माती नाही, तेथे सालईचे राज्य लागते. फाल्गुनात ह्या झाडावर एक पान नसते. राखी-हिरवट सोट, त्यावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले, आणि वर आकाशात बोटे पसरल्यासारख्या बोडक्या फांद्या. फांद्यांच्या टोकांस मात्र बारीक पांढुरक्या फुलांचे तुरे. पहिल्या दृष्टीस झाड वठल्यासारखे वाटते. आमच्या बरोबर एक कोरकू वाटाड्या होता. त्याने सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढला आणि बोट अक्कांच्या नाकाशी धरले. टर्पेंटाइन, लिंबाची साल आणि देवघरातील धूप ह्यांचे मिश्रण करावे तसा तो वास होता.

“या झाडाले आग मारत नाई, माय,” तो म्हणाला. “जळते, अन् पानी पडलं का पुन्ना फुटते.”

वणव्यातून तरणारे व खडकावर वाढणारे हे झाड आपल्या पूर्वजांस उत्तम परिचित होते. संस्कृतात त्यास शल्लकी म्हणतात. हत्तीस त्याचा पाला आवडतो म्हणून गजभक्ष्या, आणि सुवासामुळे सुरभी. त्याचा डिंक तो कुंदुरू. अरबस्तानातून व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारा जो प्रसिद्ध लोबान ख्रिस्ती देवळांतून शतकानुशतके जळत आला, तो ह्याच्याच भावंडांचा. कोलब्रुक ह्या प्राच्यविद्या पंडिताने १८०७ साली कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ह्या हिंदी झाडाविषयी निबंध लिहिला, त्यात रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने योजिलेले ‘बॉसवेलिया’ हे नाव प्रथम छापले गेले; एडिंबरोच्या जॉन बॉसवेल नामक वैद्याच्या सन्मानार्थ ते योजिले होते. इतके जुने व इतके फिरलेले झाड. तेव्हा ते गुडघ्यावरचे प्राचीन औषध असलेच पाहिजे, असे कोणासही वाटेल.

येथेच एक गंमत आहे. चरकसंहितेत औषधांचे जे गण सांगितले आहेत, त्यांत शल्लकीची साल येते ती ‘पुरीषविरजनीय’ गणात. म्हणजे तिचा संबंध तेथे आतड्यांशी व मलाशी आहे, सांध्यांशी नाही. सांधेदुखीसाठी जुन्या वैद्यकाचा भर आहे तो गुग्गुळावर. सालईचा डिंकही गुग्गुळाच्याच कुळातील, म्हणून त्यास ‘सालई गुग्गुळ’ हे नाव पडले. आज घरोघरी जी ‘शल्लकी’ गुडघ्यासाठी मागितली जाते, तिच्या कीर्तीचा मोठा भाग पोथ्यांतून आलेला नसून एका प्रयोगशाळेतून आलेला आहे. आणि ती प्रयोगशाळा मेळघाटापासून फार दूर, जम्मूस आहे.

जम्मूची ती संस्था १९४१ साली त्या संस्थानची औषधि-संशोधनशाळा म्हणून निघाली, आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली आली. देशी औषधांचे मोठे अभ्यासक कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांनी तिचे नेतृत्व केले होते. तेथील जी. बी. सिंग व सी. के. अटल ह्यांनी १९८६ साली सालईच्या डिंकाच्या मद्यार्कातील अर्कासंबंधी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हे प्रयोग कसे करतात, हे ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कारण ‘तपासलेले औषध’ हा शब्द जाहिरातींत इतका स्वस्त झाला आहे, की त्यामागे काय असते हे पाहिलेले बरे.

सूज मोजावयाची, तर प्रथम ती उत्पन्न करावी लागते. समुद्रातील एका शेवाळापासून कॅराजीनन नावाचे द्रव्य काढतात. त्याची अत्यल्प मात्रा पांढऱ्या उंदराच्या मागल्या पंजात टोचली, की दोन-तीन तासांत पंजा सुजून येतो. तो ठरावीक खुणेपर्यंत पारा अथवा पाणी असलेल्या नळीत बुडवावयाचा, आणि द्रव किती वर चढला ते वाचावयाचे. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटासाठी जी युक्ती वापरल्याचे सांगतात, तीच येथे उंदराच्या पायासाठी! ज्या उंदरांस अगोदर औषध दिले त्यांची सूज, आणि ज्यांस दिले नाही त्यांची सूज, ह्यांतील अंतर हे औषधाचे माप. ही रीत १९६२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बसविली व आज जगभर चालते. वेदनेची परीक्षा वेगळी. सुमारे पंचावन्न अंश उष्ण केलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवतात आणि तो किती सेकंदांनी पाय उचलून चाटू लागतो ते घड्याळ लावून पाहतात. मुक्या जनावरांचा हा छळच, व तो वाचूनही जीव कळवळतो. आपल्याकडे १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर नियंत्रण आहे, परवानगीवाचून ते करता येत नाहीत. तरी ज्यांच्या पायांवर आपल्या पायांचे औषध ठरले, त्या प्राण्यांचे ऋण विसरू नये असे आम्हांस वाटते.

जम्मूच्या प्रयोगांत सालईच्या अर्काने सूज चांगली उतरली. ज्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या होत्या, त्यांच्यातही ती तितकीच उतरली. ह्याचा अर्थ असा, की औषध शरीरातील कॉर्टिसोनसारखे स्राव चेतवून काम करीत नाही, त्याची वाट निराळी आहे. अ‍ॅस्पिरिनादी औषधे ज्यासाठी बदनाम आहेत, ते जठरातील व्रणही उंदरांत उठले नाहीत. अक्कांनी ही ओळ दोनदा वाचावयास लाविली. परंतु त्याच निबंधात पुढे असेही नमूद आहे, की ह्या अर्काने वेदना प्रत्यक्ष शमविली नाही आणि ताप उतरविला नाही. गंमत अशी, की १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निराळ्या निबंधात ह्याच डिंकाच्या दुसऱ्या एका अंशास वेदनाशामक व गुंगी आणणारा गुण आढळला होता. डिंक एकच, पण कोणी त्यातून काय काढले, ह्यावर उत्तर बदलले. डिंक म्हणजे एकच औषध समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ती निराळी वाट कोणती, हे पुढे जर्मनीत ट्यूबिंगेन येथे उलगडले. सर जॉन व्हेन ह्यांनी १९७१ साली असे दाखविले होते, की अ‍ॅस्पिरिन हे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये तयार होऊ देत नाही, म्हणून सूज व वेदना घटतात. त्याबद्दल त्यांस १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. शत्रूबरोबर पहारेकरीही मारला जावा, तसा हा प्रकार. ट्यूबिंगेनच्या अमोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत असे दाखविले, की सालईतील बॉसवेलिक आम्ले दुसऱ्याच शाखेवर, म्हणजे ल्यूकोट्राइन नावाची दाहजनक द्रव्ये बनविणाऱ्या एन्झाइमवर आघात करतात. काचपात्रात हे सिद्ध झाले. माणसाच्या रक्तात मात्र ही आम्ले फार थोडी शिरतात, हा पुढचा पेच. २००४ साली निरोगी माणसांवर केलेल्या एका परीक्षेत असे दिसले, की स्निग्ध जेवणाबरोबर औषध घेतल्यास रक्तातील त्यांचे प्रमाण पुष्कळ वाढते. आमच्या आजीने औषध तुपाबरोबर चाटविले असते. तिला हे शास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करीत नाही, पण तिचा हात आठवला खरा.

चिखलदऱ्याहून परतताना आम्ही नागपुरास थांबलो. उंदरावरील गुण माणसात उतरतो की नाही, ह्याची एक पहिलीवहिली चोख परीक्षा ह्या शहरात झाली, हे फार थोड्या नागपूरकरांस माहीत असावे. गुडघ्याच्या संधिवाताचे तीस रोगी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे पंधरा-पंधरांचे दोन गट पाडले. एका गटास आठ आठवडे सालईच्या अर्काच्या कुप्या, दुसऱ्यास दिसावयास तशाच पण औषध नसलेल्या. आणि कोणत्या कुपीत काय आहे, हे ना रोग्यास ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरास. मध्ये काही काळ औषध थांबवून पुढील आठ आठवडे गटांची अदलाबदल केली. त्यामुळे प्रत्येक रोगी स्वतःच स्वतःचा तुलनेचा माणूस झाला. हा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. औषधाच्या काळात गुडघ्याची कळ कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, सूज येण्याचे प्रसंग घटले. उपद्रव झाला तो पोटाचा व किरकोळ. आणि क्ष-किरणांच्या चित्रांत? काहीही बदल नाही.

हे शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. झिजलेले कूर्चेचे अस्तर डिंकाने परत येत नाही. औषध दारावरच्या भांडणाऱ्यास गप्प करते, घराची पडलेली भिंत बांधून देत नाही. जो विक्रेता ‘गुडघा नवा होईल’ म्हणून सांगतो, त्यास नागपूरच्या ह्या तीस माणसांनी उत्तर देऊन ठेविले आहे. त्यानंतर इतरत्र झालेल्या परीक्षा एकत्र करून कॉक्रेन मंडळाने २०१४ साली जो आढावा घेतला, त्यात सालईच्या एका विशिष्ट, सत्त्व वाढविलेल्या अर्काने नव्वद दिवसांत, शंभरपैकी मोजलेल्या वेदनेत खोट्या औषधाहून सुमारे सतरा गुणांची जास्त घट झाल्याचे नोंदले आहे. परंतु हा आकडा ज्या दोन परीक्षांवर उभा आहे, त्यांत मिळून माणसे पंच्याऐंशी होती. आणि सर्वच परीक्षा अनुकूल आल्या असेही नाही. आतड्यांच्या क्रोन नावाच्या दुखण्यात रोग पुन्हा उलटू नये म्हणून हे औषध वर्षभर देऊन पाहिले, तेव्हा ते खोट्या औषधाहून सरस ठरले नाही. तो निकाल २०११ सालचा. परीक्षेस नाही म्हणता येते, म्हणूनच तिच्या होकारास किंमत.

‘वनस्पतीचे आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. पुण्यातील संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने गुडघ्यांच्या ४४० रोग्यांवर एक मोठी परीक्षा झाली. तिचा वृत्तान्त २०१३ साली छापला गेला. सुंठ, गुळवेल, आवळा अशा द्रव्यांचे, व एका योगात त्यांच्या जोडीस सालईचेही, अर्क एका बाजूस. आणि ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब ही आधुनिक औषधे दुसऱ्या बाजूस. चोवीस आठवड्यांअखेर आयुर्वेदीय औषधे त्यांच्या तोडीस तोड उतरली. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण आयुर्वेदीय गटांतील सात रोग्यांच्या रक्तात यकृताचे एक एन्झाइम वाढलेले आढळले. त्यांस कसलाही त्रास जाणवत नव्हता, औषध थांबविताच ते पूर्ववत झाले. तरी रक्त तपासले नसते तर हे कोणास कळले असते? घरी डिंकाची पूड फाकणाऱ्याचे रक्त कोण तपासतो?

आणि निरुपद्रवीपणा हा ज्याचा त्याचा असतो, ह्याची साक्ष तर आपल्या आकाशाने दिली आहे. डायक्लोफिनॅक हे मनुष्यांस व गुरांस दिले जाणारे वेदनाशामक. ते दिलेले ढोर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. हे कारण २००४ साली उघड झाले, गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. गाविलगडच्या तटावर उभे असता खालच्या दरीवर आम्ही बराच वेळ दृष्टी लावून होतो. घारी पुष्कळ दिसल्या.

नागपुरास इतवारीच्या बाजारात आम्ही सालईचा डिंक मागितला. दुकानदाराने तीन बरण्यांतून तीन नमुने काढून दाखविले: एक मधासारखा पिवळट व पारदर्शक, एक तांबूस, आणि एक काळपट, ज्यात सालीचे तुकडे व वाळू स्पष्ट दिसत होती. तिन्हींचे नाव एकच. परीक्षांत जो वापरला गेला तो ह्यांतील कोणता? खरे उत्तर, कोणताच नव्हे. तेथे ठरावीक सत्त्व असलेला, तोललेला अर्क होता. अक्कांनी तिन्ही हुंगून पाहिले, पिवळ्याचे पन्नास ग्रॅम घेतले, आणि “हा धुपासाठी” असे आम्हांस बजावले.

हा डिंक येतो कसा, तेही दुकानदारानेच सांगितले. हिवाळा लागला की सोटावरची साल कुऱ्हाडीने पट्टीसारखी तासतात, आणि जखम दर काही दिवसांनी ताजी करीत उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पाझर गोळा करतात. ओला डिंक बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला, म्हणजे त्यातील पातळ रस खाली ठिबकून जातो. झाडामागे वर्षाकाठी किलोच्या आसपास माल मिळतो. मेळघाटाच्या राखीव वनात हा उद्योग चालत नाही. बाजारातला पुष्कळसा माल मध्य प्रदेशातून, श्योपूरच्या बाजूने येतो. सालईवर माणसाचा डोळा काही आजचाच नाही. बऱ्हाणपुराजवळ नेपानगर येथे वृत्तपत्रांच्या कागदाचा जो मोठा कारखाना गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात सुरू झाला, तो ह्या भागातील सालईचे लाकूड व बांबू ह्यांच्याच भरवशावर उभारला होता. त्या काळी आपल्या हाती येणाऱ्या वर्तमानपत्रांत थोडी सालईही होती!

परंतु लाकडाची तोड एकदाची असते. जखम दरवर्षी असते. तासताना हात जरा खोल गेला, किंवा झाडास विसाव्याची वर्षे दिली नाहीत, तर पाझर आटतो, कीड शिरते आणि बीही अशक्त धरते. सालईचे बी मुळातच बेताचे रुजते, व रुजलेले रोप वणव्यातून आणि गुरांच्या तोंडातून वाचले तरच वाढते. हिच्या आफ्रिकेतील बहिणीचे काय झाले, ते २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे: इथिओपिया व आसपासच्या वनांत जुनी झाडे उभी आहेत, पण तरुण झाड जवळजवळ नाही, आणि वीस वर्षांत तेथील लोबानाचे उत्पन्न निम्म्यावर येईल. औषधाच्या परीक्षेत माणूस वाचतो की नाही हे पाहतात, उंदीर वाचतो की नाही हेही पाहतात. झाड वाचते की नाही, ह्याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. आम्ही आमच्या कोरकू सोबत्यास विचारले होते, की धारेवर पोरसवदा सालई फारशी का दिसत नाही? त्याने खांदे उडविले. मग म्हणाला, ओली फांदी पावसाच्या तोंडाशी जमिनीत खोचली तर लागते. त्याच्या बापाने शेताच्या कुंपणाला अशा लाविल्या होत्या, त्यांतील चार अजून उभ्या आहेत.

पुण्यास आल्यावर अक्का आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी प्रथम यकृत व मूत्रपिंड ह्यांची रक्तपरीक्षा करविली, चालू असलेल्या इतर औषधांची यादी पाहिली, आणि मगच, ठरावीक सत्त्वाच्या गोळ्या आठ आठवडे जेवणाबरोबर घेऊन पाहण्यास हरकत नाही असे सांगितले. मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम मात्र कोणत्याही गोळीवाचून सुरू करावयाचा. गोळ्या अजून आणलेल्या नाहीत. औषधाआधीचे दोन आठवडे नोंदले पाहिजेत, नाही तर पुढचे आठ कशाशी ताडणार, असे अक्कांचे म्हणणे. त्यांनी शाळेतल्यासारखी एक वही आखली आहे. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्यांपैकी न थांबता किती चढल्या, तेवढाच एक आकडा रोज त्यात उतरतो. पहिल्या दिवसाचा बेचाळीस आहे, काल एकोणचाळीस होता.